एकोणिसावी अट

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही, माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझीमाझी बोलायची सवयच मोडलीय, म्हणून लिहायला बसले. वाढदिवसाला फोन, त्यात तुझी लेक काय म्हणते आणि माझे गुडघे काय म्हणतात, की संपलं. फोन ठेवल्यावर दर वेळी वाटतं, सांगायचं ते राहिलंच. गेल्या वर्षी तू आमच्या प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केलास, मला न सांगता केलास, वशिला नको म्हणून. तुला नकाराचं दोन ओळींचं छापील पत्र आलं. त्याचं कारण तू मला कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ते आज सांगते. त्यानंतर इथे जे झालं तेही सांगते, कारण आता ते माझ्या गळ्याशी आलंय, आणि माझ्यापुरतं राहील असं वाटत नाही. हे पत्र तुला शनिवारपर्यंत मिळायला हवं. हातातलं काम बाजूला ठेव आणि एका बैठकीत वाच.

आमच्याकडे काय चालतं हे तुला ठाऊकच आहे. दवाखान्यांचे तापमापक, दुकानांचे तराजू, कारखान्यांच्या मोजपट्ट्या आमच्याकडे येतात, आम्ही त्या बरोबर आहेत की नाहीत ते तपासतो आणि दाखला देतो. म्हणजे तपासायचे मास्तर. एकतीस वर्षं मागच्या खोलीत एका टेबलाशी बसून. त्यांना मास्तर का म्हणायचे देव जाणे, शिकवलं त्यांनी कुणालाच नाही. दहातली तीन उपकरणं ते हमखास परत पाठवायचे आणि वर पाठवणाऱ्याला ऐकवायचे की या तराजूवर स्वतःच्या पोरीचं वजन करून बघा. मास्तर निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी मला बोलावून सांगितलं, अगदी मास्तरांसारखा माणूस हवा, जाहिरात लिही. माणसं भरणं हेच माझं काम. मी चार ओळी लिहिल्या. नजर चांगली, हात स्थिर, सोबत धीर, आणि मोजमापाच्या कामाचा अनुभव. मला वाटलं झालं काम.

पण आमच्या ऑफिसची एक रीत आहे. जाहिरातीचा कागद सगळ्या विभागप्रमुखांकडे फिरतो. प्रत्येकाने निदान एक अट घालायचीच, नाहीतर त्याने कागद वाचला नाही असं धरतात. आणि आधीच्या कुणाची अट काढायची असेल तर कारणांचं टिपण लिहून द्यावं लागतं. टिपण लिहायचा कंटाळा कुणाला नाही? म्हणून अटी वाढतात, कमी कधीच होत नाहीत. माझा चार ओळींचा कागद परत आला तेव्हा त्यावर सव्वीस अटी होत्या. वय अठ्ठावीसच्या आत, अनुभव पंधरा वर्षं. नव्या मोजयंत्रावर दहा वर्षं काम केलेलं असावं, आणि ते यंत्र निघूनच सहा वर्षं झालीत. एकट्याने काम करण्याची आवड असावी, आणि सतत माणसांत मिसळण्याचीही. एकोणिसावी अट होती की नोकरीत एका दिवसाचाही खंड नसावा. मी कपाळावर हात मारला आणि जाहिरात छापायला दिली. मला तरी कुठे टिपण लिहायचं होतं?

अर्ज आले चारशे बारा. ते मी वाचत नाही, आधी संगणकाची चाळणी वाचते. एक जरी अट जमली नाही तरी अर्ज खाली. चारशे बाराच्या चारशे बारा खाली गेले. गंमत म्हणून मी मास्तरांचीच माहिती भरून अर्ज टाकला. चाळणीने तो पहिल्याच अटीला पाडला, कारण मास्तरांकडे पदवी नाही. मी हे साहेबांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले की मग इतकी वर्षं आपण चुकीचा माणूस ठेवला होता.

त्या चारशे बारांत तू होतीस. नाव वाचलं आणि मी अर्ज पूर्ण उघडला. तुझं अक्षर, म्हणजे छापीलच, पण वाक्यं तुझी, ती लपत नाहीत. तराजू दुरुस्तीच्या कारखान्यात नऊ वर्षं, मालकाने कारखाना बंद केला तोपर्यंत. मास्तरांच्या टेबलाशी बसायला याहून वेगळं काय लागतं? आणि मधे दोन वर्षं रिकामी. तू तिथे काही लिहिलं नव्हतंस, नुसती एक रेघ मारली होतीस. बाबा अंथरुणावर होते ती दोन वर्षं. चाळणीने तुला वयावर, अनुभवावर अडवलंच, आणि एकोणिसाव्या अटीवरही. मी स्वतःला सांगितलं की यंत्रानेच अडवलं, मी काय करणार, आणि नकाराच्या पत्रांचा गठ्ठा टपालात दिला. तू आता औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असतेस हे मला तुझ्या लेकीकडून कळलं.

सात महिने ती खुर्ची रिकामी राहिली. जाहिरात महिन्याच्या महिन्याला पुन्हा निघत होती. मग एका सकाळी चाळणीच्या वर एक अर्ज. एकच. सव्वीसच्या सव्वीस अटी पुऱ्या. मला वाटलं कुणीतरी थापा मारल्यात, म्हणून मी तो ओळीओळीने वाचला. वय सत्तावीस. अनुभव सोळा वर्षं. शिक्षण बाविसाव्या वर्षापर्यंत. मी बोटांवर मोजलं. धाकटे, हिशेब जुळला. अर्ज समोर उघडा असताना तो जुळायचा, बंद केला की जुळायचा नाही. मी चार वेळा उघडबंद करून पाहिला. फोटोतला चेहरा असा, की बघताना वाटावं यांना आपण ओळखतो, आणि नजर काढली की काही म्हणून आठवू नये. जुन्या मालकांना मी चौकशीची पत्रं पाठवली. चौघांचीही उत्तरं आली, माणूस उत्तम. चारही पत्रांत तेच शब्द, पण तशी पत्रं सगळेच सारखी लिहितात, म्हणून मी ती फाइलीत लावली.

त्याच दिवशी संध्याकाळी एका विभागप्रमुखांना आठवण झाली की मास्तरांच्या टेबलावरचा दिवा उजवीकडे आहे, तेव्हा माणूस डावखुरा बरा. त्यांनी ते माझ्याकडच्या कागदावर पेनाने लिहिलं, सत्ताविसावी अट म्हणून. कागद फाइलीत, फाइल कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी अर्ज उघडला तर त्यात होतं, डावखुरा. मी म्हटलं काल वाचायचं राहिलं असेल. पण मन मानेना, मग मी खडा टाकून पाहिला. पेन्सिलीने बारीक अक्षरात अठ्ठाविसावी अट लिहिली, की टेबलाचा तिसरा खण गुडघ्याने वर उचलल्याशिवाय उघडत नाही हे उमेदवाराला माहीत असावं. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक, मला आणि मास्तरांना. पुढच्या सकाळी अर्जात शेवटी एक ओळ होती की तिसऱ्या खणाची सवय आहे. मी धावत जाऊन पेन्सिलीची ओळ खोडली. अर्जातली ओळ तशीच राहिली.

मुलाखतीला चौघं साहेब बसले होते, मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला. आमच्याकडे प्रश्नांची यादी ठरलेली असते. प्रश्न वाचायचा, उत्तराला गुण द्यायचे, पुढचा प्रश्न. मान वर करायची कुणाला गरज पडत नाही. चाळीस मिनिटं चाललं. गुणपत्रिका मी गोळा केल्या, चौघांनीही पैकीच्या पैकी दिले होते. माझ्या वहीत सगळी उत्तरं माझ्या अक्षरात नीट उतरलेली आहेत, आणि उत्तरं फार चांगली आहेत. पण आवाज कसा होता हे आठवायला गेले की मला माझाच आवाज ऐकू येतो, वही वाचताना येतो तसा. सगळे उठून गेल्यावर सफाईच्या काकू पेले उचलायला आल्या. त्यांनी मला सहज विचारलं की आज बोलावलेला माणूस आला नाही वाटतं, पाण्याचा पेला भरलेला आहे आणि खुर्चीही टेबलाखालीच सरकवलेली आहे. आला होता, असं मी सांगितलं. काकूंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पेला बेसिनमध्ये रिकामा केला.

मग तो रुजू झाला. तो म्हणायचं एवढंच, नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि राहत नाही हेही कुणाच्या लक्षात येत नाही. मागच्या खोलीचं दार आता लावलेलं असतं. दहा वाजता उपकरणांचा ट्रे दाराशी ठेवायचा, चारला तो दाखल्यांसकट बाहेर मिळतो. एकही उपकरण परत जात नाही. सगळी अचूक. मी एकदा मुद्दाम फुटका तापमापक ठेवला, ज्यातला पारा कधीच सांडून गेला होता. चारला तो परत आला, दाखल्यासकट, अचूक म्हणून. मी तापमापक आणि दाखला साहेबांपुढे ठेवले. त्यांनी दाखला वाचला, मास्तरांच्या वेळी इतके स्वच्छ दाखले कधी नव्हते म्हणाले, आणि तापमापकाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी खोलीचं दार उघडलं. दिवा चालू होता, टेबल लख्ख पुसलेलं, खुर्ची दाराच्या बाजूला वळलेली. खुर्चीत कुणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून माफ करा असं निघालं आणि मी दार ओढून घेतलं. मी कुणाची माफी मागितली, हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

जागेवर येऊन बसले तेव्हा मला तू आठवलीस. त्या खोलीत तू असतीस तर तो फुटका तापमापक घेऊन तणतणत माझ्या टेबलाशी आली असतीस. आता खरं सांगते. चाळणीने पाडलेले अर्ज मला हाताने वर काढता येतात. दर जाहिरातीला पाच. तेवढ्यासाठीच तर यंत्र असून मला ठेवलंय. त्या खेपेला मी एकही काढला नाही. तुझा काढायला हात नेला होता. मग ती रेघ दिसली, दोन वर्षांची, आणि वाटलं की हिला इथे आणलं तर रोज समोर ही रेघ बसणार. बाबांजवळ तू बसलीस. मी दर रविवारी फोन केला आणि कामाचं निमित्त सांगितलं. काम नव्हतं, धाकटे. मला त्यांना तसं बघवत नव्हतं, तुला बघवत असेल असं मी धरून चालले. माझ्या नोकरीत एका दिवसाचा खंड पडला नाही, तो असा. तुझा अर्ज मी परत खाली सरकवला. यंत्राने नाही, मी.

आता माझी गोष्ट. साहेब या नव्या माणसावर इतके खूश, की त्यांनी ठरवलं, अटी जास्त नव्हत्याच, आपणच कमी मागत होतो. म्हणून आता प्रत्येक जागेची नव्याने जाहिरात निघणार, आहेत त्यांनीही अर्ज करायचा. सुरुवात माझ्या जागेपासून. माझ्या जागेची जाहिरात मीच लिहिली, पाच ओळींची, आणि कागद फिरून आला तेव्हा एकतीस अटी. नोकरीत खंड नसावा ही होतीच. खाली कुणीतरी कळवळ्याने घातलं होतं की माणसं निवडणारा स्वतः माणूस असावा, घरच्या आजारपणाची जबाबदारी त्याने स्वतः निभावलेली असावी. दोन्ही अटी एकाच कागदावर, आणि कुणाला हसू आलं नाही. मी अर्ज भरला. चाळणीने मला त्या शेवटच्या अटीवर पाडलं. मला वर काढणारं कुणी नव्हतं, कारण वर काढायचं काम माझंच.

या सोमवारी माझ्या जागेवर जी यायची आहे तिचा अर्ज परवा आला. एकतीसच्या एकतीस. फोटो माझा आहे. म्हणजे मी अशी दिसले असते, नीट झोपले असते तर. नोकरीत एका दिवसाचा खंड नाही आणि वडिलांची दोन वर्षं पूर्ण वेळ सेवा केली, दोन्ही एकाच पानावर, आणि पान उघडं असेतो दोन्ही खरं वाटतं. सेवेचा तपशीलही दिलाय. बाबांना शेवटी शेवटी पाणी चमच्याने पाजावं लागे, आधी मान डावीकडे वळवावी लागे, नाहीतर ठसका लागायचा, असं तिने लिहिलंय. मला हे माहीत नव्हतं. डावीकडेच ना, धाकटे? तुला फोन करून विचारणार होते, पण तू हो म्हणालीस तर काय करायचं ते सुचेना. घरच्या माणसांच्या रकान्यात तिने एकच नाव घातलंय, तुझं. नातं, धाकटी बहीण. संबंध, जिव्हाळ्याचे. महिन्यातून एकदा भेट. पुढे तुझा पत्ता, तुझ्या घराचा, जिना आणि मजल्यासकट.

जागा गेली याचं मला दुःख नाही, हे पत्र त्याचं नाही. ती तुझ्या दारी येईल, म्हणून लिहितेय. अर्जात जे लिहिलंय ते ही मंडळी करतात, एवढं मी वर्षभरात पाहिलंय. ती हसतमुख येईल. तुझ्या लेकीचं वय तिला बरोबर माहीत असेल, लेक मावशी म्हणून तिच्या मांडीवर जाऊन बसेल. ती तुझी माफी मागेल, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या शब्दांत मागेल. बाबांच्या त्या दोन वर्षांबद्दल ती तुझ्याशी बोलेल, जसं कुणीतरी तुझ्याशी बोलायला हवं होतं. तुला बरं वाटेल, आणि त्याचीच मला भीती वाटते. मी रविवारी सकाळच्या गाडीने निघतेय, तिच्या आधी पोचायचं म्हणून. पण समजा गाडी चुकली, समजा आम्ही दोघी एकदमच तुझ्या दारात उभ्या राहिलो, तर चेहऱ्यावरून तुला ओळखता येणार नाही. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. बाबांची मान कुठल्या बाजूला वळवायची असं दोघींनाही विचार. जी चटकन सांगेल ती मी नाही. जिला कागदावर वाचलेलं असूनही सांगवणार नाही, जी उंबऱ्यावर मान खाली घालून रडत उभी राहील, जिने तुझा अर्ज स्वतःच्या हाताने खाली सरकवला, ती तुझी बहीण. तिला आत घे.

तुझीच, होती तशी आणि आहे तशी,
थोरली